शाळेची वार्ता घरापर्यंत

महोत्सवी अंकात संस्थांच्या इतिहासाचे दोन शब्द लिहिण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच होय. शाळेचा इतिहास लिहिताना मात्र इमारत केव्हा उभी राहिली, वर्ग कसकसे वाढले, मुख्याध्यापक कोणकोण होऊन गेले व परीक्षांचे निकाल कसे लागले, एवढे नमूद करून लेखक बहुधा थांबतो. शाळेत सध्या काय शिकविले जात आहे व पुढील महिन्यात काय व्हावयाचे आहे, हे मुलाच्या मातापित्यांस कोण, कसे व केव्हा कळवीत असे, ह्याचा उल्लेख अशा लेखांतून क्वचितच आढळतो. वस्तुतः शाळा आणि घर ह्यांमधील ही वार्तेची वाट कोठे रुंदावली व कोठे बुजली, ह्यावर कित्येक मुलांचे भवितव्य अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रापुरता ह्या वाटेचा इतिहास थोडक्यात देण्याचा विचार आहे.

ह्या प्रश्नाचा खरा कस लागतो तो मधल्या वर्गांत, म्हणजे पाचवीपासून आठवीपर्यंत. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतील मुलास आई हाताला धरून शाळेत पोचविते. तिची व बाईंची दाराशी गाठ पडते, आणि चार शब्दांत जे सांगावयाचे ते सांगून होते. पाचवीनंतर एका शिक्षकाच्या जागी विषयागणिक निराळे शिक्षक येतात. मूल एकटे शाळेस जाऊ लागते. घरी काय सांगावे व काय सांगू नये हे बारातेरा वर्षांचे मूल स्वतःच ठरवू लागते. त्याच सुमारास पुस्तकातील विषय पुष्कळ आईबापांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या पलीकडे जातात. वार्तेची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी तिचे जुने मार्ग बंद पडतात. गरीब घरची अनेक मुले, आणि त्यांतही मुली, ह्याच वर्गांच्या शेवटी शाळेस अंतरत आल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय किरकोळ नाही हे उघड होते.

जुन्या काळी ही अडचण फारशी नव्हती. पंतोजींची शाळा वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरविणे, मोडी वाचणे व लिहिणे, आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मोठ्याने म्हणणे, हा तेथील अभ्यास. तो रस्त्याने जाणाऱ्यासही ऐकू येई. सायंकाळी दिवेलागणीस तेच पाढे मूल घरी परवचा म्हणून म्हणे. त्यामुळे मुलाची मजल कोठवर गेली हे वडिलांस कोणी सांगावे लागत नसे. पंतोजींचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या धान्यावर व सणावाराच्या देणगीवर चाले. तेव्हा त्यांस घराशी संबंध ठेवणे भागच होते. मूल गैरहजर राहिले तर दोनचार धटिंगण पोरे पाठवून त्यास उचलून आणण्याची चालही सर्वश्रुत आहे. शाळेचा हा निरोप कठोर खरा, परंतु तो त्याच दिवशी घरी पोचत असे.

तथापि ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती शाळा मुख्यत्वे कुळकर्णी, भिक्षुक, सावकार व व्यापारी ह्यांच्या मुलग्यांसाठी होती. ज्या घरांतील मुलांस त्या ओसरीवर चढण्याचीच मनाई होती त्या घरांस, आणि सर्वच घरांतील मुलींस, त्या शाळेतील वार्तेचा काहीएक उपयोग नव्हता. घर व शाळा एकमेकांस ओळखत असत, कारण शाळा ओळखीच्या घरांपुरतीच होती.

१८५४ च्या जुलै महिन्यातील वुड साहेबांच्या खलित्यानंतर ही स्थिती पालटली. १८५५ साली मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले. निरीक्षक व त्यांचे दुय्यम, ज्यांस खेड्यापाड्यांत ‘दिपोटी’ म्हणत, ते नेमले गेले. शाळेस घंटा आली, हजेरीपत्रक आले, इयत्ता व क्रमिक पुस्तके आली. ह्या सुधारणेचे उपकार मोठे आहेत. तीबरोबर मात्र वार्तेचे तोंड फिरले. शिक्षकाने काय शिकविले ह्याचा हिशेब आता पालकांकडे न जाता वरिष्ठांकडे जाऊ लागला. १८६० नंतरच्या दशकात अनुदान घेणाऱ्या शाळांस ‘निकालावर वेतन’ ही पद्धत लागू झाली. तपासणीच्या दिवशी किती मुले कोणत्या विषयात उत्तीर्ण होतात त्यावर शाळेस मिळणारी रक्कम ठरे. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावानंतर ही पद्धत मागे पडली. परंतु शाळेची खरी बातमी म्हणजे तिचा निकाल, ही समजूत तिने मागे ठेविली, व ती अद्याप पुरती गेलेली नाही.

ह्याच काळात दुसऱ्या एका विचाराचा उदय पुण्यास झाला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. ज्या मुलींच्या आयांनी, आज्यांनी कधी अक्षर पाहिले नव्हते त्यांच्या घरी शाळेची वार्ता पोचविणे हे काम किती बिकट असेल ह्याची कल्पना करावी. त्या शाळांच्या परीक्षा चव्हाट्यावर, सर्वांदेखत होत. १८५३ साली झालेल्या अशा परीक्षेस लोकांची दाटी झाली होती. तत्कालीन इतर शाळांतही जाहीर परीक्षांची चाल होती. परंतु जेथे मुलींच्या शिकण्याविषयीच लोकांस संशय होता तेथे तिचे महत्त्व वेगळे होते. आपली मुलगी वाचते आहे हे बाप स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत होता, आणि ज्यास पत्र वाचता येत नाही अशा पालकासही ती बातमी पूर्णपणे कळत होती.

पुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगास जे निवेदन सादर केले, त्यात बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा ह्याविषयी त्यांनी जे लिहिले तिकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यास लाज वाटू नये, व त्यास दरमहा निदान बारा रुपये वेतन असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या शिक्षकाशी शेतकरी बांधावर उभा राहून बोलू शकतो, त्याच शिक्षकाकडून शाळेत काय चालले आहे हे त्यास समजेल, हा त्या सूचनेचा व्यावहारिक अर्थ आहे. घर व शाळा ह्यांच्या संबंधाविषयी ह्याहून शहाणपणाची सूचना त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत सापडणे कठीण.

सरकारने ती सूचना मनावर घेतली नाही. शाळा वाढल्या, आणि घराकडे जाणारी वार्ता दोन प्रकारची झाली. पहिला प्रकार परीक्षेच्या निकालाचा. सातव्या इयत्तेच्या अखेरीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षा ही खेड्यातील मुलाच्या दृष्टीने जगाचे दार होती. ती उत्तीर्ण झालेल्यास शिक्षकाची वा तलाठ्याची जागा मिळण्याची आशा असे. ह्या परीक्षेचा निकाल गावभर होई. परंतु मुलगा गणितात मागे पडतो आहे हे पाचवीत किंवा सहावीत कोणी बापास सांगितले नसेल, तर सातवीचा निकाल हाती येऊन काय उपयोग? वर्षे गेलेली असत, आणि नापास झालेला मुलगा बहुधा नांगरास किंवा होडीस जुंपला जाई.

दुसरा प्रकार नोटिशीचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तत्सम विधेयक मांडले. ते पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, व मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. मुंबई इलाख्यात १९१८ व १९२३ साली कायदे झाले. ह्या थोर पुरुषांचा हेतू निःसंशय लोककल्याणाचा होता, व सक्तीवाचून लक्षावधी मुलांस शाळेचे तोंड दिसले नसते. परंतु इतिहासाचे सत्य सांगावयाचे तर असे म्हणावे लागते की, गरीब घरास राज्यकर्त्यांकडून शाळेविषयी आलेला पहिला लेखी निरोप पुष्कळदा दंडाचा होता. शाळेचा कागद आला म्हणजे काहीतरी अपराध घडला असावा, ही भीती अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आजही शिक्षकाने बोलाविले असे ऐकताच आई घाबरून मुलास विचारते, ‘काय केलेस?’ ह्या प्रश्नाचे मूळ बरेच खोल आहे.

ह्या भीतीवर उपाय करून पाहणाऱ्यांत ताराबाई मोडक ह्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे आपले काम सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ते काम लहान बालकांचे होते, मधल्या वर्गांचे नव्हे; तरीही आपल्या विषयास त्याचा जवळचा संबंध आहे. अंगणात शाळा भरली म्हणजे आई चुलीपाशी बसल्या बसल्या मुलाचे शिकणे पाहते व गाणी ऐकते. पंतोजींच्या ओसरीवर जे मोजक्या घरांस लाभत होते, ते येथे वारल्यांच्या पाड्यावरील घरांस लाभले.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक शाळांतून प्रगतिपुस्तक रूढ झाले. घटक चाचणी, सहामाही व वार्षिक परीक्षा ह्यांचे गुण, हजेरीचे दिवस, शिक्षकांचा शेरा, आणि खाली ‘पालकांची सही’ अशी त्याची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. हे पुस्तक घरापर्यंत पोचले हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याची दोन वैगुण्येही सांगितली पाहिजेत. एक असे की, ते झालेले सांगते, होणारे सांगत नाही. दुसरे असे की, ज्याच्याविषयी वार्ता आहे तोच तिचा जासूद असतो. गुण कमी पडले की पुस्तक दप्तराच्या तळाशी जाते, थोरल्या भावाची सही वडिलांची म्हणून खपते, आणि निरक्षर आईचा अंगठा तर कोणत्याही पानावर उठतो. सही मिळाली म्हणजे वार्ता पोचली असे शाळा समजते. प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ शाई पोचलेली असते.

होणारे आधी न कळल्याने काय हानी होते ह्याची उदाहरणे शोधण्यास दूर जावयास नको. १९५४-५५ पासून महाराष्ट्रात शिष्यवृत्तीच्या स्पर्धापरीक्षा चालत आल्या. पुष्कळ काळ त्या चौथी व सातवीच्या वर्गांसाठी असत; २०१६-१७ पासून काही वर्षे त्या पाचवी व आठवीस घेण्यात आल्या. हा बदल ज्या घरांस वेळेवर कळला त्यांची मुले तयारीस लागली. २००८ साली केंद्र सरकारने आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली, तिची परीक्षा आठवीत द्यावयाची असते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील जी मुले तीत निवडली जातात, त्यांस नववीपासून बारावीपर्यंत वर्षाकाठी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा लागतो. मोलमजुरी करणाऱ्या आईस अर्जाची मुदत टळून गेल्यावर हे कळले, तर तिच्या मुलीचे शिक्षण आठवीवरच थांबण्याचा संभव असतो. येथे एका निरोपाची किंमत रुपयांत मोजता येते. तसेच २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाची झाली. तीत जो अनुत्तीर्ण होईल त्यास पुनर्परीक्षेची संधी असते, व तीतही अपयश आल्यास त्यास त्याच वर्गात बसविता येते. हे घरास जूनमध्ये ठाऊक असणे आणि पुढल्या मे महिन्यात कळणे, ह्यांत वर्षाचे अंतर आहे.

कायद्याने ह्या बाबतीत शेवटी स्पष्ट शब्द उच्चारला तो २००९ साली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात, कलम २४ अन्वये, शिक्षकाच्या कर्तव्यांत असे घालण्यात आले की, त्याने पालकांच्या सभा नियमितपणे घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत, शिक्षणातील प्रगती व इतर संबद्ध माहिती त्यांस द्यावी. कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद मुलांचे मातापिता वा पालक असावेत, व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले. सक्तीच्या जुन्या कायद्यांनी पालकास हुकूम केला होता. ह्या कायद्याने शिक्षकास पालकाचे देणेकरी केले. शंभर वर्षांत घडलेला हा पालट लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परंतु समिती कागदावर झाली म्हणजे वार्ता पोचली असे होत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अशा ग्रामशिक्षण समित्यांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, बहुसंख्य पालकांस अशी समिती अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते. इतकेच नव्हे तर काही सभासदांस आपण सभासद आहोत ह्याचीही वार्ता नव्हती. मग गावोगावी सभा भरवून लोकांस त्यांचे हक्क समजावून सांगितले गेले, तरी एवढ्याने मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. जेथे गावातील तरुणांस वाचन शिकविण्याची साधी रीत दाखवून दिली, तेथे मात्र त्यांच्या वर्गांस येणारी मुले वाचू लागली. ह्यावरून बोध असा की, ऐकणाऱ्यास आता आपण काय करावे हे ज्या वार्तेतून उमगत नाही ती वार्ता अपुरी होय.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांस ह्या ठिकाणी विशेष विचार करणे प्राप्त आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वरील कायदा अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळांस लागू होत नाही. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ह्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले. न्यायालयात काहीही ठरो, आपले बंधन त्यावर अवलंबून नाही. १९६५ च्या ऑक्टोबर महिन्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयीचे जे घोषणापत्र संमत केले, त्यात मातापिता हेच मुलांचे प्रथम व प्रमुख शिक्षक होत असे प्रतिपादिले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९६ व्या नियमात तर ते अधिक नेमकेपणाने मांडले आहे: शिक्षकांनी पालकांशी जवळचे सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आपखुशीने ऐकावे, त्यांच्यासाठी संघ वा सभा स्थापाव्यात व त्यांस मान द्यावा. पालकांचे म्हणणे आपखुशीने ऐकण्याची जी अट ह्या नियमात आहे, ती बहुतेक सरकारी परिपत्रकांत आढळत नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि ह्या सर्व इतिहासाची परीक्षाच जणू घेतली गेली. फळा, घंटा व वर्ग नाहीसे झाले; उरली ती केवळ घर व शाळा ह्यांमधील वाट. ज्या घरांत भ्रमणध्वनी होता तेथे पाठ पोचले; जेथे एकच यंत्र होते व ते बापाबरोबर कामावर जाई, तेथे मूल सायंकाळपर्यंत वाट पाहत बसे. पुष्कळ शिक्षक पाड्यापाड्यांवर, झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर मुलांस शिकवीत फिरले. त्याच साली आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात सुमारे साडेचार हजार कुटुंबांत एक प्रयोग झाला. केवळ लेखी संदेश पाठविले त्या घरांतील मुलांस फारसा लाभ झाला नाही. संदेशाबरोबर शिक्षकाने दर आठवड्यास दूरध्वनी करून आई व मूल दोघांशी पंधरावीस मिनिटे संभाषण केले, तेथे मुलांचे गणित सुधारले. लेखास वाणीची जोड लागते, हे फुल्यांच्या त्या जाहीर परीक्षांपासून चालत आलेले सत्य दूरदेशी पुन्हा प्रत्ययास आले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बावीस शाळांच्या मधल्या व वरच्या वर्गांत, मुलाने चुकविलेला तास व न दिलेला गृहपाठ ह्यांची वार्ता पालकांस त्या त्या वेळी कळविण्यात आली. तेथे विषयांत नापास होण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. तेथे कळविलेली माहितीही प्रगतिपुस्तकातल्यासारखीच मागील घडामोडींची होती. परंतु ती वर्षाअखेर न येता सुधारण्यास अवधी असताना आली, एवढ्याने हा फरक पडला.

हल्ली संदेशांचा तुटवडा नाही; उलट त्यांचा पूर आला आहे. पालकांच्या समूहात दिवसाकाठी पन्नास संदेश येतात. त्यांत शुभेच्छा, छायाचित्रे व पुढे ढकललेले मजकूर ह्यांच्या गर्दीत अर्जाची शेवटची तारीख दिसेनाशी होते. न कळणे व हरवून जाणे, ह्या दोहोंचा परिणाम एकच. म्हणून दोनशे वर्षांच्या ह्या अनुभवावरून, मधल्या वर्गांतील मुलांच्या घरी जाणारी वार्ता कशी असावी ह्याविषयी चार गोष्टी निश्चित सांगता येतात.

पहिली, ती आधी यावी. महिन्याच्या आरंभी एका पानावर, ह्या महिन्यात गणितात अपूर्णांक होणार, विज्ञानात अमुक प्रयोग होणार, अमुक तारखेस चाचणी, अमुक दिवशी सहल व तिचा खर्च इतका, एवढे कळले तरी घर आपल्या पैशांची व वेळेची बेगमी करू शकते. दुसरी, ती थोडी व स्पष्ट असावी. काय आहे, केव्हा आहे, काय द्यावयाचे आहे व घरी काय करावयाचे आहे, ह्यांपलीकडे तीत पाल्हाळ नसावा. तिसरी, ती बोललीही जावी. ज्या आईस वाचता येत नाही ती अडाणी नव्हे. तिला तोंडी सांगितलेले ती लक्षात ठेवू शकते. ‘आज वर्गात काय झाले ते मला सांग’ असे तिने मुलास रोज विचारले, आणि मुलाने चुलीपाशी बसून सांगितले, तर ती आजची परवचा होय. त्यासाठी आईस बीजगणित येण्याची गरज नाही. चौथी, ती दोन्ही दिशांनी चालावी. घरात आजार आहे, बापाचे काम सुटले आहे, भातकापणीमुळे मूल दोन दिवस येऊ शकत नाही, हे शाळेसही कळावयास हवे. ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्यात परततात. त्या आईबापांस डिसेंबरातील सभेचे आमंत्रण पाठविणे व्यर्थ होय. त्यांच्याशी बोलावयाचे ते निघण्यापूर्वी.

ह्या कामास द्रव्य थोडे लागते, नियमितपणा फार लागतो. शिक्षकांवर आधीच कामांचा भार आहे, हे खरे. परंतु हे कार्य एकट्या शिक्षकांचे नव्हे. धर्मग्रामात दर रविवारी मिस्सानंतर जी मंडळी अंगणात जमते, तीत बहुतेक मुलांचे आईबाप असतात, व जे नसतात त्यांचे शेजारी असतात. तेथे शाळेच्या येत्या पंधरवड्याची चार वाक्ये मोठ्याने वाचली जाण्यास पाच मिनिटे पुरतात. आलेल्यांनी ती न आलेल्या घरी, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, सांगावीत. शाळेतील मोठ्या मुलांनी ती पाटीवर लिहून नाक्यावर ठेवावीत. आठवीतील प्रत्येक पात्र मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीपूर्वी भरला गेला की नाही, हे पाहण्याचे काम दोन जाणत्या पालकांनी दर वर्षी अंगावर घ्यावे.

महोत्सवाच्या निमित्ताने आपण नवी खोली बांधू, नवी बाके आणू, भिंतींस रंग देऊ. हे सर्व अवश्य करावे. त्याबरोबर शाळेच्या दप्तरात एक वही उघडावी, व प्रत्येक महिन्यात कोणती वार्ता कोणत्या घरी पोचली व कोणत्या घरी पोचली नाही ह्याची तीत नोंद ठेवावी. जेथे ती पोचली नसेल त्या घराच्या दारी शिक्षकाने किंवा समितीच्या सभासदाने स्वतः जावे. ज्या घरी आजवर शाळेचा कागद केवळ भीती घेऊन आला, त्या घरी तो काही चांगले घेऊन येऊ लागला, तर पुढील महोत्सवाच्या अंकात इतिहास लिहिणाऱ्यास निकालांच्या आकड्यांखेरीज आणखीही काही सांगण्याजोगे सापडेल.